उन्हाळ्यातील मासे आणि पूरक आहार

विदर्भाला खेटून असलेल्या आदिलाबाद जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या घरात पोहोचतो. तळ्यातील रोहू, कटला, मृगळ यांच्यासाठी हा कसोटीचा काळ. २५ अंशांच्या गोड्या पाण्यात प्रतिलिटर सुमारे ८ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३५ अंशांना जेमतेम ७. आणि माशाची गरज मात्र तेव्हाच वाढलेली असते. या ताणात कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढून रोगप्रतिकारशक्ती खालावते.

शेळी ‘क’ जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात तयार करते. बहुतेक माशांना ते साधत नाही. कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड या रूढ खाद्यात ते नगण्यच. साधे ‘क’ जीवनसत्त्व उष्णतेने व ओलाव्याने नासते, म्हणून त्याचे टिकाऊ फॉस्फेट रूप खाद्यात मिसळतात. यीस्टच्या पेशीभित्तिकेतील बीटा-ग्लुकानही प्रतिकारयंत्रणेला जागे करते. हे सारे ऊन तापण्याआधीच सुरू करायला हवे.

तेलंगणा सरकार २०१६-१७ पासून तलावांत मोफत मत्स्यबीज सोडते. मोठ्या जलाशयात मात्र मासे नैसर्गिक अन्नावरच वाढतात. तेथे पूरक खाद्य टाकणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे, अगदी शब्दशः. त्याचा खरा उपयोग बीजसंगोपनाच्या तळ्यांत आणि पिंजऱ्यांत. पहाटे मासे पाण्यावर तोंड काढून हवा घेऊ लागले, तर खाद्य थांबवून आधी पाणी खेळते करावे.