दवाखान्याचे गणित (लेखांक ६) : जुन्या रुग्णांची रांग

मागच्या आठवड्यात आपण शस्त्रक्रियांच्या प्रतीक्षायादीचा हिशेब मांडला. ती यादी निदान मोजता येते. इतकी नावे, आठवड्याला इतक्या शस्त्रक्रिया, म्हणून इतके महिने थांबावे लागणार. बाह्यरुग्ण विभागाची, म्हणजे ओपीडीची रांग इतकी सरळ नसते. त्यातही डोळ्यांच्या ओपीडीची रांग फार फसवी.

इंग्लंडची सरकारी आरोग्यसेवा म्हणजे एनएचएस. तिथे गेली काही वर्षे सगळ्यात जास्त ओपीडी भेटी नेत्रविभागात होतात. दर दहा भेटींपैकी जवळपास एक भेट डोळ्यांसाठी असते. लोकांचे आयुष्य वाढले, म्हातारपणाचे आजारही वाढले, हे कारण लगेच सुचते. ते खरे आहे, पण अपुरे. उरलेले कारण उपचारांच्या स्वरूपात दडलेले आहे.

मोतीबिंदूचा रुग्ण दवाखान्याच्या दृष्टीने पाहुणा असतो, तर काचबिंदूचा रुग्ण घरातलाच होऊन जातो. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली, भिंग बसले, दोन-चार वेळा तपासणी झाली, चष्म्याचा नंबर काढला की संबंध संपला. काचबिंदू बरा होत नाही. डोळ्यातला दाब औषधाने आटोक्यात ठेवायचा आणि नजरेचा पट्टा आणखी अरुंद होत नाही ना, हे जन्मभर तपासत राहायचे.

याचे गणित मांडून पाहू. समजा एका क्लिनिकमध्ये रोज ४० रुग्ण तपासता येतात आणि वर्षात कामाचे २५० दिवस आहेत. रोज काचबिंदूचा फक्त एक नवा रुग्ण नोंदवला जातो आणि त्याला वर्षातून तीनदा यावे लागते. वर्षअखेर असे २५० रुग्ण झाले. पुढच्या वर्षी त्यांच्या ७५० भेटी, म्हणजे रोजच्या तीन. पाच वर्षांनी त्या रोजच्या १५ होतात आणि दहा वर्षांनी ३०. मधल्या काळात दगावलेले किंवा गाव सोडून गेलेले वजा केले तरी चित्र फारसे बदलत नाही. नव्या रुग्णांची संख्या एकानेही वाढली नाही, तरी ४० पैकी ३० जागा जुन्यांनी व्यापल्या. नव्यांसाठी उरल्या दहा.

उपचार सुधारले की ही रांग आणखी लांबते. म्हातारपणी डोळ्याच्या पडद्याच्या मधोमध रक्तवाहिन्या पाझरू लागण्याचा एक आजार आहे. पूर्वी त्यावर फारसे काही करता येत नसे. रुग्णाला तसे सांगून घरी पाठवले जाई. २००८ मध्ये डोळ्यात द्यायच्या रॅनिबिझुमॅब या इंजेक्शनला एनएचएससाठी मान्यता मिळाली आणि हजारो लोकांची नजर वाचू लागली. पण हे इंजेक्शन एकदा देऊन भागत नाही. सुरुवातीला दर महिन्याला आणि पुढे गरजेप्रमाणे वर्षानुवर्षे ते द्यावे लागते. पूर्वी एका भेटीत निकाली निघणारा रुग्ण आता कायमचा झाला. म्हणजे ओपीडी तुंबली ती बऱ्याच अंशी वैद्यकशास्त्राच्या यशामुळे.

पुढे ढकललेली तारीख

जागा कमी पडल्या की काहीतरी मागे ढकलावे लागते. इंग्लंडमध्ये नव्या रुग्णाला १८ आठवड्यांच्या आत उपचार मिळावेत असे उद्दिष्ट आहे आणि त्यावर रुग्णालयांचे मूल्यमापन होते. जुन्या रुग्णाच्या पुढच्या तारखेवर असा कोणाचा पहारा नव्हता. ज्याची मोजणी होते त्याला जागा मिळते, या न्यायाने फॉलो-अपच्या तारखा सरकत गेल्या.

परिणाम २०१७ मध्ये छापून आला. ब्रिटनमधल्या नेत्रतज्ज्ञांच्या एका पाहणीत दिसले की, तपासणी वा उपचार लांबल्यामुळे महिन्याला २२ पर्यंत रुग्णांची नजर कायमची किंवा गंभीर स्वरूपात जात होती. त्यात बहुतेक काचबिंदूचे, पडद्याचे आणि मधुमेहाचे जुने रुग्ण होते. २०२० मध्ये तिथल्या आरोग्यसेवा सुरक्षा चौकशी यंत्रणेने ३४ वर्षांच्या एका महिलेच्या प्रकरणावर अहवाल दिला. काचबिंदूची तिची फेरतपासणी एकूण १३ महिने लांबली होती आणि तेवढ्यात तिची दृष्टी गेली. नवा रुग्ण थांबला तर बहुतेक वेळा गैरसोय होते. काचबिंदूचा जुना रुग्ण थांबला तर त्याचा डोळा जातो आणि गेलेली नजर परत येत नाही. रांगेत पुढे कोणाला घ्यायचे, हा प्रश्न या फरकापासून सुरू व्हायला हवा.

तपासणी वेगळी, निर्णय वेगळा

डॉक्टर वाढवावेत हे पहिले उत्तर. ते चूक नाही, पण नेत्रतज्ज्ञ तयार व्हायला दशक जाते. म्हणून आधी एका भेटीत नेमके काय घडते ते पाहू. केसपेपर निघतो. तक्त्यावरची अक्षरे वाचून नजर तपासली जाते. दाब मोजला जातो. मग बाहुली मोठी करणारे थेंब घालतात आणि रुग्ण वीस-तीस मिनिटे डोळे मिटून बाकावर बसतो. काचबिंदू असेल तर एका यंत्रात डोके घालून, लुकलुकणारा ठिपका दिसला की बटण दाबायचे, अशी दृष्टिक्षेत्राची परीक्षा होते. पडद्याचे स्कॅन होते. एवढे झाल्यावर डॉक्टर हनुवटी यंत्रावर टेकवायला सांगून डोळ्यात पाहतात, कागद चाळतात आणि म्हणतात, ‘दाब ठीक आहे, तेच थेंब चालू ठेवा.’ दोन तासांतली पाच मिनिटे डॉक्टरांची. त्यांची खरी गरजही तेवढ्याच पाच मिनिटांना असते.

मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने हे फार आधी ओळखले. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी १९७६ मध्ये ११ खाटांवर ते सुरू केले. तिथे खेड्यांतल्या तरुण मुलींना दोन वर्षांचे प्रशिक्षण देऊन नजर तपासणे, दाब मोजणे, थेंब घालणे, शस्त्रक्रियेची तयारी करणे ही सगळी कामे त्यांच्याकडे सोपवली जातात. डॉक्टरांकडे उरते निदान आणि शस्त्रक्रिया. तारीख न घेता आलेल्यालाही तिथे त्याच दिवशी तपासतात आणि एवढा लोंढा पेलतो तो कामाच्या या वाटणीमुळे.

इंग्लंडने पुढची पायरी गाठली. तिथे स्थिर काचबिंदूच्या रुग्णाच्या चाचण्या तंत्रज्ञ करतात आणि रुग्ण घरी जातो. डॉक्टर नंतर संगणकावर सगळे अहवाल एकत्र पाहून पत्र पाठवतात. मूरफिल्ड्स या नामांकित नेत्र रुग्णालयाने २०२१ मध्ये लंडनच्या ब्रेंट क्रॉस शॉपिंग सेंटरमध्येच असे चाचणी केंद्र उघडले. डोळ्यातली इंजेक्शनेही आता अनेक ठिकाणी प्रशिक्षित परिचारिका देतात.

दारातली गर्दी

दुसरा उपाय म्हणजे अनावश्यक येणे कमी करणे. काचबिंदूबाबतची २००९ ची राष्ट्रीय मार्गदर्शिका आल्यावर इंग्लंडमधल्या चष्म्याच्या दुकानांत दाब २१ च्या वर दिसला की रुग्णालयाची चिठ्ठी मिळू लागली. डोळ्यावर हवेचा झोत सोडून घेतलेले ते एकच माप असे आणि दुसऱ्यांदा मोजले की अनेकांचा दाब ठीक निघे. पुढे अनेक भागांत त्याच दुकानात दाब पुन्हा मोजून मगच चिठ्ठी देण्याची पद्धत आली आणि २०१७ मध्ये मर्यादा २४ वर नेली. मधुमेहींच्या पडद्याचे फोटो दरवर्षी काढायचे तिथे आता कमी जोखमीच्यांना दोन वर्षांनी बोलावतात. वाचलेली जागा जास्त जोखमीच्यांना मिळते.

तिसरा उपाय सगळ्यात साधा आहे. कोणाची तारीख उलटून गेली याची यादी रोज पाहणारा एक माणूस नेमायचा. पद कारकुनी वाटेल, पण डोळे वाचवण्यात त्याचा वाटा मोठा आहे.

आपल्याकडे उलटी गोष्ट

इंग्लंडमध्ये रुग्णालय तारीख देऊ शकत नाही. आपल्याकडे तारीख मिळते आणि रुग्णच येत नाही. काचबिंदूत दुखत नाही, समोरचे बऱ्याच काळापर्यंत स्वच्छ दिसते. थेंबांचा खर्च, एसटीचे भाडे, बुडालेली मजुरी आणि सोबत येणाऱ्या मुलाचा बुडालेला दिवस यांची बेरीज ‘काही होत नाही मला’ या वाक्यात होते. ओपीडीच्या रजिस्टरमध्ये ही माणसे दिसत नाहीत. बाकावर बसलेल्यांची गर्दी दिसते, न आलेल्यांची नाही.

शिबिरांनी हा प्रश्न सुटेल असे बरीच वर्षे वाटत होते. पण दक्षिण भारतातल्या एका अभ्यासात दिसले की डोळ्यांच्या शिबिराला गरजूंपैकी जेमतेम ७ टक्के लोक येतात. त्यातून कायमस्वरूपी दृष्टिकेंद्रांची कल्पना रुजली. तालुक्याच्या किंवा मोठ्या गावात एक-दोन खोल्या, प्रशिक्षित तंत्रज्ञ, तपासणीचे यंत्र आणि व्हिडिओवर मुख्य रुग्णालयातला डॉक्टर. अरविंदची अशी शंभराहून अधिक केंद्रे आहेत. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद संस्थेने सुमारे ५० हजार वस्तीमागे एक केंद्र असा हिशेब धरला. फेरतपासणी चालत जाण्याच्या अंतरावर आली की तारीख पाळणे परवडते.

मुंबईत तर २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पालिकेच्या दवाखान्यांतच मधुमेहींच्या पडद्याचे फोटो मोबाइलवरच्या कॅमेऱ्याने काढले गेले आणि इंटरनेटशिवाय चालणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेने त्यांची छाननी केली. हे स्वागतार्हच. मात्र २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. छाननी जितकी स्वस्त, तितके अधिक रुग्ण सापडणार आणि तेही काचबिंदूच्या रुग्णांसारखे जन्मभराचे. सापडलेल्याला लेसर किंवा इंजेक्शन वेळेवर मिळणार नसेल, तर आपण फक्त रांगेची जागा बदलली असे होईल.

‘आज ओपीडीत ६०० रुग्ण तपासले’ हा आकडा रुग्णालये अभिमानाने सांगतात. नगरसेवकांनी, पत्रकारांनी आणि आपण त्यांना आणखी एक आकडा विचारायला हवा. गेल्या महिन्यात फेरतपासणीला यायला हवे होते त्यांपैकी किती आले आणि न आलेल्यांना फोन कोणी केला? पहिल्या आकड्यातून विभागाचे कष्ट कळतात, दुसऱ्यातून त्याचे काम.

(पुढील आठवड्यात : रक्तपेढीचे गणित)