विंचवाचं बिऱ्हाड आणि चिलटांची फौज

इअरफोन लावलेत ना? आजचा एपिसोड जेवताना ऐकू नका, एवढी एकच सूचना. आणि ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लिखित भाग. बोलताना आलेलं 'म्हणजे काय ना' बरंचसं काढलंय. राहिलं असेल तर चालवून घ्या.

मी मूळचा महाडकडचा. आमच्याकडे विंचू दिसला की पहिली चप्पल, मग चर्चा. पावसाळ्यात बूट झटकल्याशिवाय पायात घालायचा नाही, हे चालायला लागल्यापासून शिकवलेलं. ही भीती उगाच नाहीये. कोकणातल्या लाल विंचवाचं विष थेट हृदयावर परिणाम करतं. महाडच्याच डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध या दंशावर वापरलं आणि 1986 मध्ये त्यावर 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं, म्हणून कित्येक जीव वाचले.

तर अशा गावातून मी शिकायला जर्मनीत आलो आणि फ्लॅटमेटच्या खोलीत काचेच्या पेटीत काय दिसावं? पंजाएवढा काळाकुळकुळीत विंचू! एम्परर स्कॉर्पियन. मूळचा पश्चिम आफ्रिकेचा. आकार दांडगा, पण डंख साधारण मधमाशीइतकाच. हे सगळं त्यानं मला शांतपणे समजावलं आणि ऑक्टोबरमध्ये तीन महिन्यांच्या इंटर्नशिपला दुसऱ्या शहरात निघून गेला. पेटी माझ्याकडे ठेवून! आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "अरे, विंचू मारायचा असतो, त्याला जेवायला नाही घालायचं."

आईचं ऐकलं नाही. आणि जेवायला जरा जास्तच घातलं.

चूक माझीच

फ्लॅटमेटनं कागदावर लिहून दिलं होतं: आठवड्यातून एकदा, एक-दोन रातकिडे. उरलेलं दुसऱ्या दिवशी काढायचं. पण ही बाई दिवसेंदिवस फुगत चाललेली. मला वाटलं, भूक वाढली असेल. आपला स्वभाव असा की पाहुणा 'नको' म्हणाला तरी पानात आणखी एक पोळी पडते. मी चार-चार रातकिडे सोडत गेलो. शिवाय 'ओलावा लागतो' हे डोक्यात बसलेलं, म्हणून रोज सकाळी फवारा. कोकोपीट पिळलं तर पाणी निघेल इतकं ओलं.

नोव्हेंबरात चिलटं आली. आधी दोन-चार, मग काचेवर काळे ठिपके, मग माझ्या चहाच्या कपात. पंधरा दिवसांत खोलीत तोंड उघडून जांभई द्यायची सोय राहिली नाही.

एका रात्री वैतागून मी किडे मारायचा स्प्रे आणला. झाकण उघडलं, बोट बटणावर ठेवलं. तेवढ्यात मनात आलं, निदान तिच्या अंगावर तरी नको मारायला. ती कुठे आहे ते बघू. विंचवाचं कवच अल्ट्राव्हायोलेट प्रकाशात निळं-हिरवं चमकतं, त्यासाठीचा टॉर्च तिथेच होता. तो लावला. ती चमकली, पण पाठ चमकेना. पाठीवर कसला तरी निस्तेज थर. मला वाटलं, बुरशी लागली. साधा दिवा लावून बघतो तर पांढरी शुभ्र पिल्लं, एकावर एक बसलेली. दुसऱ्या दिवशी मोजली तेव्हा सतरा भरली.

'विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर' ही म्हण आपण भाड्याची खोली बदलताना वापरतो. ते बिऱ्हाड मी पहिल्यांदा खरंखुरं बघितलं. विंचवीण अंडी घालत नाही, जिवंत पिल्लं देते. पहिली कात टाकेपर्यंत ती तिच्या पाठीवरच असतात, आणि तोवर ती त्या प्रकाशात चमकत नाहीत.

आणि माझं बोट अजून बटणावर होतं.

स्प्रे का नाही?

शाळेत 'संधिपाद प्राणी' पाठ केलेलं आठवतंय? कीटक, कोळी, खेकडे, विंचू, सगळे त्याच संघातले. घरगुती स्प्रेमध्ये बहुतेक वेळा पायरेथ्रॉइड गटातलं रसायन असतं. ते या प्राण्यांची मज्जासंस्था बिघडवतं. ते औषध 'हे चिलट, हा विंचू' असा फरक करत नाही. विंचवाच्या पोटाखाली श्वासाची आठ बारीक छिद्रं असतात, आणि त्याचं सगळं आयुष्य जमिनीला पोट टेकून जातं. फवारलेली माती म्हणजे त्याला विषाचीच गादी. त्याच खोलीत कॉइल, मच्छरांचं लिक्विड मशीन, मुंग्यांचा खडू, हेही नको.

आधी ओळख, मग उपाय

फ्लॅटमेटला व्हिडिओ पाठवला. त्याचा व्हॉइस मेसेज आला: "कशालाच हात लावू नकोस. आधी सांग, ती उडतात कशी?"

इथे मला कळलं की चिलटं दोन जातींची होती.

पहिली, लांब पायांची, डासासारखी नाजूक, रेंगाळत उडणारी. ही फंगस नॅट. हिच्या अळ्या पारदर्शक, डोकं काळं. त्या ओल्या मातीतली बुरशी आणि कुजका पालापाचोळा खातात. विंचवाला थेट त्रास फारसा नाही. त्या एकच गोष्ट सांगतात: पाणी जास्त झालंय.

दुसरी, पाठीला कुबड असलेली, उडण्यापेक्षा काचेवर झटके देत पळणारी. ही फोरिड माशी. ही मेलेल्या किड्यांवर अंडी घालते आणि अशक्त किंवा नुकती कात टाकलेल्या मऊ प्राण्यालाही सोडत नाही. ती सांगते: आत काहीतरी मरून पडलंय.

म्हणजे माझ्या दोन चुका, दोन माश्या. इतका चोख हिशोब मला कॉलेजातही कुणी दिला नव्हता.

तिसऱ्या दिवशी सकाळी एक पिल्लू पाठीवरून खाली पडलेलं दिसलं. मेलं होतं, आणि त्यावर दोन कुबड्या माश्या. ते आधी मेलं की माश्यांमुळे, सांगता येणार नाही. पण मला रात्री झोप लागली नाही.

एरवी सोपा मार्ग असतो. विंचवाला डब्यात हलवा, पेटी धुवा, नवीन कोकोपीट भरा. पण पिल्लंवाल्या विंचविणीला फार छेडलं तर ती पिल्लं खाऊन टाकू शकते. त्यामुळे घर तसंच ठेवून सफाई करायची होती.

मी काय काय केलं

एक, मढी उचलली. ती दिवसा सालीखाली बसलेली असताना लांब चिमट्यानं दुसऱ्या टोकापासून सुरुवात. एका वेळी दहा मिनिटं, बस्स. तीन दिवसांत अकरा कुजके रातकिडे निघाले. फोरिडचं प्रसूतिगृह बंद.

दोन, जेवण थांबवलं. मोठा विंचू काही आठवडे उपाशी राहू शकतो. नंतर एकच रातकिडा, तोही आधी मारून, आणि उरलेलं सकाळी बाहेर. जिवंत रातकिडा मऊ पिल्लांना चावू शकतो.

तीन, वरून कोरडं, खालून ओलं. फवारा बंद. एका कोपऱ्यात स्ट्रॉ खुपसून त्यातून पाणी थेट तळाशी. वरचा दोनेक सेंटीमीटरचा थर वाळू दिला, कारण फंगस नॅट अंडी वरच्या ओल्या थरात घालते. पूर्ण कोरडं मात्र करायचं नाही, या विंचवाला दमट हवा लागतेच. पाण्याची वाटी ठेवली, पिल्लू बुडू नये म्हणून तिच्यात खडे टाकले.

चार, बीटीआय. हा डासांच्या अळ्यांवर वापरला जाणारा जिवाणू, 1976 मध्ये नेगेवच्या वाळवंटात सापडलेला. पाण्यातून दिला की नॅटच्या अळ्या मरतात, विंचवाला काही होत नाही. पण फोरिडसाठी यावर विसंबू नका.

पाच, सापळे, पण पेटीच्या बाहेर. आपल्याकडे शेतात पिवळे चिकट सापळे लावतात ना, तेच. आत लावलात तर माशीआधी पिल्लूच चिकटेल. शिवाय एका ग्लासात व्हिनेगर आणि भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब.

सहा, जाळी. हवेच्या छिद्रांवर आधी नायलॉनचा जुना मोजा ताणून बांधला, मग बारीक स्टीलची जाळी बसवली. आणि नॅट मुळात आल्या कुठून? खिडकीतल्या माझ्या तुळशीच्या कुंडीतून! तिलाही मी प्रेमानं रोज पाणी पाजत होतो.

शेवटी स्प्रिंगटेल सोडले. हे फुंकर मारली की टुणकन उडणारे पांढरे बारीक जीव बुरशी खातात. ते दिसले तर घाबरू नका, ती सफाई कामगारांची टीम आहे. गोल, हळू सरकणारे ठिपके घोळक्यानं दिसले, विशेषतः विंचवाच्या सांध्यांवर किंवा तोंडाशी, तर मात्र ते माइट्स. तेव्हा पेटी आणखी कोरडी करा आणि जाणकाराला दाखवा.

फोरिड दोन आठवड्यांत गेल्या. नॅटना महिना लागला, कारण मातीतले कोष फुटत राहतात. चौथ्या दिवशी 'काहीच फरक नाही' म्हणून स्प्रेकडे हात जातो. तो दिवस निभावून न्या.

भारतात ऐकणाऱ्यांसाठी

एम्परर स्कॉर्पियन 'साइट्स'च्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 2022 मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर असे प्राणी बाळगणाऱ्याला नोंदणी करावी लागते. आणि माळावरचा विंचू बरणीत भरून आणू नका. तो लाल निघाला तर गाठ महाडच्या डॉक्टरांशी आहे.

पण आजची गोष्ट टॅरँटुला, शंखखेकडे, मुंग्यांचं वारूळ, सगळ्यांना लागू. चिलटं हा आजार नाही, ती तक्रार आहे. कुणाची तरी तक्रार आली की आधी वाचायची असते, तक्रार करणाऱ्याला गप्प करायचं नसतं.

जन्मानंतर साधारण दोन आठवड्यांनी पिल्लांनी कात टाकली. त्या रात्री टॉर्च लावला. आई नेहमीसारखी निळी-हिरवी. आणि तिच्या पाठीवर, अगदी फिकट, पण चमकणारे सोळा ठिपके.

आईला फोटो पाठवला. बराच वेळ दोन निळ्या टिका दिसत होत्या, उत्तर नाही. मग आलं: "बाळंतिणीला नीट जेवायला घालतोस ना?"

आई, आता मोजून घालतो.

भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर कुंडीला पाणी कमी घाला.