डोळ्याचा रंग

जून 2021 मध्ये न्यूझीलंडच्या 'ट्रेड मी' या लिलावाच्या संकेतस्थळावर नऊ पानांचं एक रोप 27,100 न्यूझीलंड डॉलरला गेलं. नाव रॅफिडोफोरा टेट्रास्पर्मा, मूळची थायलंड-मलेशियाच्या जंगलातली वेल. तिचं हिरवं रोप कोणत्याही बऱ्या नर्सरीत मिळतं. या रोपाच्या पानांवर मात्र पांढरे पट्टे होते आणि सगळे पैसे त्या पांढऱ्याचे होते.

ही वेल आणि पुढे येणाऱ्या तिच्या बहिणी अळूच्या कुळातल्या. सुरण, शेवळं, घरोघरीचा मनी प्लांट हे त्यांचे सगेसोयरे. खोड कापल्यावर हात खाजतात तेही अळूसारखेच, कॅल्शियम ऑक्झलेटच्या बारीक सुयांमुळे.

संग्राहकांची खास लाडकी म्हणजे पांढऱ्या पानांची मॉन्स्टेरा, 'अल्बो'. मॉन्स्टेरा डेलिसिओसा मूळची मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतली. अल्बोच्या एकाच खोडात दोन तऱ्हेच्या पेशी शेजारी शेजारी नांदतात: काही हरितद्रव्य बनवणाऱ्या, काही न बनवणाऱ्या. हा शेजार बियांत उतरत नाही. प्रयोगशाळेत पेशींपासून रोपं करायला जावं तर हिरवं एकीकडे नि पांढरं दुसरीकडे अशी फाटाफूट होते. त्यामुळे अल्बो वाढवायची तर बहुतेकदा हातात धारदार चाकूच घ्यावा लागतो.

ऊस लावणाऱ्याला हे काम समजावून सांगायला नको. टिपरीला डोळा हवा, तसा इथेही प्रत्येक तुकड्याला पेर आणि पेरावर डोळा हवा. हवाई मूळ असेल तर उत्तमच. जाणकार पानाकडे फारसं बघत नाहीत, ते खोड फिरवून बघतात. डोळ्यापाशी हिरवे-पांढरे पट्टे असतील तर पुढचं पान तसंच येण्याची आशा. डोळा निव्वळ हिरव्या बाजूला असेल तर कोंब हिरवा येतो, निव्वळ पांढऱ्या बाजूला असेल तर अख्खी पांढरी पानं येतात. दिसायला देखणी, पण अन्न करायला कुचकामी, आणि असा कोंब फार दिवस तगत नाही. कापलेली बाजू सुकू द्यायची, मग तुकडा ओलसर मॉसमध्ये किंवा परलाइटमध्ये ठेवायचा. मुंबईच्या पावसाळ्यात एवढं पुरतं. पुण्याच्या एप्रिलमध्ये मात्र झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा लागतो, नाहीतर पांढरा भाग आधी करपतो.

मुळं धरल्यावरही निश्चिंती नाही. हिरव्या पेशी जोमाच्या, त्या पांढऱ्यांना मागे टाकतात. मग शेवटच्या पट्टेदार पेरापर्यंत मागे छाटायचं. महागड्या वेलीचा शेंडा उडवायला काळीज लागतं!

'थाय कॉन्स्टेलेशन' या दुसऱ्या मॉन्स्टेराला ही कटकट नाही. तिचा जन्मच थायलंडच्या प्रयोगशाळेतला. पिवळसर ठिपके टिश्यू कल्चरमध्येही टिकतात. जळगावच्या केळीची रोपं ज्या पद्धतीने होतात, तशीच ही बाटल्यांतून हजारोंनी तयार होते. एके काळी अमेरिकेत शेकडो डॉलर घेणारी ही वेल आता तिथल्या मोठ्या दुकानांत सहज मिळते. हौशी मंडळी हळहळली. मला तर हे बरंच झालं असं वाटतं.

हौस आली की लबाडीही येते. 'पिंक काँगो' फिलोडेंड्रॉनची गुलाबी पानं रसायनाची करामत असतात, काही महिन्यांनी नवी पानं हिरवी येऊ लागतात. अल्बोचं 'बी' विकणारे तर सर्रास भेटतात. आणखी एक प्रकार म्हणजे देठासकट पण पेराशिवाय विकलेलं पान. त्याला मुळं फुटतात, ते कित्येक महिने टवटवीत राहतं, पण नवा कोंब काही येत नाही. तेव्हा विकत घेताना फोटो पानाचा नव्हे, खोडाचा मागवावा, तोही दोन्ही बाजूंनी.