गाडी मुहूर्ताची की वाटेची?

विजयादशमी हा साडेतीन मुहूर्तांपैकी एक पूर्ण मुहूर्त. या दिवशी शुभकार्यासाठी पंचांग उघडावे लागत नाही, अशी आपली परंपरागत श्रद्धा आहे. खंडेनवमीला शस्त्रांबरोबर नांगर, करवत, शिवणयंत्र यांची पूजा होते, आणि आता त्या पंक्तीत मोटारीही येऊन बसल्या आहेत. दसऱ्याच्या सकाळी झेंडूच्या माळा घातलेल्या, चाकाखाली लिंबू ठेवलेल्या नव्या गाड्या विक्रेत्यांच्या दारातून ओळीने बाहेर पडतात. ज्या यंत्राच्या भरवशावर आपण प्रवास करतो, त्याच्यापुढे वर्षातून एकदा हात जोडावेत, यात काहीच वावगे नाही. परंतु ज्याची पूजा करावयाची ते यंत्र आपण नीट विचार करून निवडले आहे काय, हाही प्रश्न त्याच सकाळी स्वतःला विचारावयास हवा. अन्यथा मुहूर्त साधतो आणि वाट चुकते.

वाचकहो, हरिदासाने इंजिन आणि गिअर यांविषयी लिहावे, याचे आपणास नवल वाटेल. मी स्वतः गाडी चालवीत नाही. तथापि कीर्तनाच्या निमित्ताने चाळीसहून अधिक वर्षे सह्याद्रीच्या आडवाटांनी जीपगाडीत चालकाशेजारी बसून हिंडलो आहे. पसरणीचा घाट उतरताना एका वृद्ध चालकाने मला सांगितले होते, “बुवा, ज्या गिअरात घाट चढलो त्याच गिअरात उतरायचा. ब्रेक थांबण्यासाठी असतो, उतरण्यासाठी नव्हे.” पुढे जे काही या विषयात शिकलो, त्याचा आरंभ त्या वाक्यापासून झाला.

ही विद्या पुन्हा उजळण्याचा प्रसंग घरातच आला. माझा पुतण्या वाईच्या पश्चिमेस, धोम धरणाच्या पलीकडे, शेती सांभाळून राहतो. वाईपासून २२ किलोमीटर. त्यातली शेवटची दोन कच्ची, चढाची, आणि मध्ये एक ओढा. त्याची पत्नी वाईच्या शाळेत शिक्षिका, रोज जाणे-येणे. घरात माझ्या वहिनी, वय ऐंशीच्या पुढे, दम्याचा विकार. २०२४ च्या आषाढात एका रात्री त्यांना श्वास पुरेना. घरची साधी मोटार ओढ्यापलीकडच्या चढावर चिखलात रुतली. चार शेजाऱ्यांनी वहिनींना खुर्चीत बसवून, भर पावसात डांबरी रस्त्यापर्यंत खांद्यावरून नेले. वहिनी वाचल्या, पण त्या रात्रीनंतर चारही चाकांना ओढ असलेली गाडी घ्यावयाची, हे घरात ठरले.

दसऱ्याला आठवडा उरला असता पुतण्या माझ्याकडे आला. म्हणाला, “काका, थार घ्यायची ठरवली आहे. विक्रेता म्हणतो, दसऱ्याला पेट्रोलची ऑटोमॅटिक तयार आहे. डिझेल हवी असेल तर काही आठवडे थांबावे लागेल. मुहूर्त चुकवू नये, नाही का?”

मी म्हटले, “अरे, मुहूर्ताचे मी बघतो. आधी तू ते पत्रक दाखव.”

पत्रक वाचताना पहिलीच गोष्ट ध्यानात आली. जी गाडी ‘तयार’ होती, तिच्या केवळ मागच्या चाकांना इंजिनाची ओढ होती. नाव तेच, रूप तेच, रुबाबही तोच. परंतु ज्या कारणासाठी गाडी घ्यावयाची तेच कारण तिच्यात नव्हते. २०२३ च्या जानेवारीत या नावाने मागच्या चाकांच्या ओढीच्या दोन गाड्या आल्या. एक दीड लिटरच्या डिझेल इंजिनाची, हाताच्या गिअरची. दुसरी दोन लिटरच्या पेट्रोल इंजिनाची, ऑटोमॅटिक. ज्यांचा प्रवास डांबरी रस्त्याचा आहे, त्यांना त्या उत्तम आहेत. दीड लिटरपर्यंतचे डिझेल इंजिन आणि चार मीटरपर्यंतची लांबी असेल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कर १८ टक्के, त्याहून मोठ्या गाड्यांना ४० टक्के. तेव्हा लहान इंजिनात पैशाची बचतही मोठी आहे. परंतु चिखलाचा चढ करसवलतीने चढता येत नाही.

चारही चाकांच्या गाडीत मुख्य गिअरपेटीच्या जोडीला आणखी एक पेटी असते. तिला ट्रान्स्फर केस म्हणतात. इंजिनाची ओढ पुढच्या व मागच्या चाकांत वाटून देणे, हे तिचे पहिले काम. दुसरे काम अधिक महत्त्वाचे. ‘लो’ची कळ घातली की चाकांचा वेग बहुधा दोन-अडीच पटींनी कमी होतो आणि ओढ तेवढ्याच पटीने वाढते. गाडी पावलापावलाने चढते आणि उतारावर इंजिनच तिला धरून ठेवते. १९४१ सालच्या विलीस जीपचे इंजिन २.२ लिटरचे आणि शक्ती अवघी ६० अश्वशक्ती. पुढे जाण्याचे गिअर तीनच. तरीही ती रानावनांतून, वाळूतून आणि बर्फातून गेली, ती मुख्यतः या दुसऱ्या पेटीच्या बळावर. कठोपनिषदात देहाला रथ, इंद्रियांना घोडे आणि मनाला लगाम म्हटले आहे. घोडे किती, एवढ्यावरून रथाची योग्यता ठरत नाही, हे त्या रूपकाइतकेच गाडीलाही लागू आहे. म्हणून पहिला नियम असा की, कच्ची वाट ज्याच्या नित्याची आहे त्याने इंजिनाचा विचार करण्यापूर्वी ही पेटी आहे की नाही, हे पाहावे. मात्र कोरड्या डांबरी रस्त्यावर अशा गाडीत चारही चाकांची ओढ लावू नये. वळणावर पुढची व मागची चाके वेगवेगळे अंतर कापतात. पकड घट्ट असली की त्याचा ताण दातऱ्यांवर येतो.

आता इंजिन. पूर्वी हिशेब सोपा होता. डिझेल मंद गतीतही ओढते, पेट्रोल मात्र फेरे वाढल्याखेरीज जोर धरीत नाही. आज ते तितकेसे खरे राहिलेले नाही. २०२० च्या ऑक्टोबरात जी नवी थार आली, तिचे पेट्रोल इंजिन दोन लिटरचे व १५० अश्वशक्तीचे होते, आणि डिझेल २.२ लिटरचे व १३० अश्वशक्तीचे. परंतु हाताच्या गिअरमध्ये दोहोंचा पीळ, ज्याला टॉर्क म्हणतात, सारखाच, ३०० न्यूटन-मीटर. पेट्रोलमध्ये तो मिनिटाला १,२५० फेऱ्यांपासून मिळे, डिझेलमध्ये १,६०० पासून. ऑटोमॅटिक पेट्रोलला तर ३२० न्यूटन-मीटर. टर्बोचार्जर आणि थेट इंधनफवारा यांनी हा पालट घडविला. तेव्हा ‘चढासाठी डिझेलच’ हे वचन डोळे मिटून मानू नये.

मग भेद कशात? एक, इंधनाच्या खर्चात. तेवढ्याच लिटरांत डिझेलची गाडी सामान्यतः अधिक अंतर जाते. ओझे असता हा फरक अधिक जाणवतो. दुसरा भेद रोजच्या प्रवासाच्या लांबीत. १ एप्रिल २०२० पासून भारत-६ ही प्रदूषणाची मर्यादा लागू झाली आणि डिझेलच्या धुराड्यात काजळी धरणारी गाळणी आली. ती काजळी अधूनमधून जाळावी लागते, आणि त्यासाठी इंजिन चांगले तापून गाडी काही वेळ वेगाने चालावी लागते. रोज दोन-तीन किलोमीटर मंडईपर्यंत जाऊन परतणाऱ्याच्या गाडीत गाळणी तुंबते. अशा गृहस्थाने पेट्रोलच घ्यावे. खरेदीलाही ते स्वस्त पडते आणि चालताना शांत असते. ज्याचा प्रवास रोज वीस-पंचवीस किलोमीटर सलग आहे, त्याला डिझेल मानवते.

पाण्याविषयीही एक जुना समज आहे. डिझेलमध्ये ठिणगी लागत नाही, म्हणून ते पाण्याला भीत नाही, असे म्हणतात. ठिणगी लागत नाही, हे खरे. परंतु हवेच्या नळीतून पाणी आत शिरले तर दोन्ही इंजिनांची गत एकच. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. आणि दट्ट्याला जोडणारा दांडा वाकतो. थारची पाण्यातून जाण्याची मर्यादा कंपनीने ६५० मिलिमीटर सांगितली आहे, म्हणजे जवळजवळ दीड हात. तीही स्थिर पाण्याची समजावी. वाहता ओढा काठी टाकून मोजल्यावाचून ओलांडू नये, आणि पाण्यात बंद पडलेले इंजिन पुन्हा सुरू करण्याचा हट्ट धरू नये.

इथवर पुतण्याचे व माझे एकमत झाले. रोजचे अंतर पाहता डिझेल, आणि वाट पाहता चारही चाके. वाद उभा राहिला तो गिअरवर. त्याचे म्हणणे, “काका, रानात हाताचाच गिअर. ऑटोमॅटिक म्हणजे शहरातली चैन.”

त्याच्या बोलण्यात तथ्य नव्हते, असे नाही. हाताच्या गिअरची गाडी स्वस्त असते, तिची दुरुस्ती लहान गावातही होते, आणि उतारावर कोणता गिअर धरावयाचा, हे सर्वस्वी चालकाच्या हाती असते. निष्णात चालकाला दुसरे काही लागत नाही. ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या तबकडीच्या जागी तेलात फिरणारी दोन पाती असतात. एक तेलाला ढकलते, दुसरी त्या तेलाच्या लोटाने फिरते, आणि गाडी हलताना इंजिनाचा पीळ त्यातच वाढतो. चढावर थांबून पुन्हा निघताना गाडी बंद पडत नाही, मागे सरकण्याचे भय कमी होते, क्लच जळण्याचा प्रश्नच येत नाही. उतारावर गिअर हाताने धरून ठेवण्याची सोयही तिच्यात असते, पण ती आठवणीने वापरावी लागते. दुरुस्ती मात्र महाग, आणि ती कुशल हातांनीच करावी लागते.

मी त्याला विचारले, “त्या रात्री तू घरी होतास का रे?”

तो गप्प झाला. त्या रात्री तो बाजारसमितीच्या कामासाठी पुण्यास गेला होता. मोटार सूनबाई चालवीत होत्या. डांबरी रस्त्यावर त्यांचा हात उत्तम. परंतु निसरड्या चढावर, अंधारात, मागच्या आसनावर सासूबाई धापा टाकीत असताना, क्लच अर्धा सोडून गाडी तोलणे त्यांना साधले नाही. यात त्यांचा दोष तो काय? ती कसरत रोजच्या सवयीची नव्हे.

तोवर सूनबाई काही बोलल्या नव्हत्या. तेव्हा म्हणाल्या, “काका, मला एक हात आणि एक पाय मोकळा मिळाला तर मी चाकाकडे लक्ष देऊ शकेन. त्या रात्री माझे सगळे लक्ष पायाकडेच होते.”

निर्णय तिथेच झाला. घरातला सर्वांत कुशल चालक कोण, हे पाहून गाडी घ्यावयाची नसते. सर्वांत कठीण रात्री जो घरी असेल, त्याला ती पेलेल काय, हे पाहून घ्यावयाची असते. पुतण्या एकटाच चालविणारा असता तर मीही हाताचाच गिअर घे म्हटले असते. डिझेल, चारही चाके आणि ऑटोमॅटिक. किंमत ठरविल्यापेक्षा बरीच वाढली. एका हंगामाचे आल्याचे पैसे त्यात गेले. पण कोणी कुरकुर केली नाही.

राहिला मुहूर्त. पुतण्याने भीत भीत विचारले, “मग दसरा?” मी सांगितले, दसऱ्याला घरातल्या जुन्या गाडीची पूजा कर, तिनेही इतकी वर्षे सेवा केली आहे. आपल्या पूर्वजांनी मुहूर्त तीनच न ठेवता साडेतीन ठेवले आहेत. कार्तिक शुद्ध प्रतिपदा हा तो अर्धा मुहूर्त. योग्य गाडी अर्ध्या मुहूर्तावर आली तर ती अयोग्य गाडी पूर्ण मुहूर्तावर आणण्यापेक्षा शतपटीने बरी. त्या वर्षी पाडवा २ नोव्हेंबरला होता. गाडी त्या दिवशी दारात आली. त्यानंतरच्या रविवारी सूनबाईंनी ओढ्याकाठी ‘लो’ची कळ घालून पाहिली. गाडी थांबवून, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून ती घालावयाची असते, हे त्यांनी पाच-सहा वेळा करून हातात बसविले. आयत्या वेळी पुस्तिका उघडण्यास उजेड नसतो.

२०२५ च्या श्रावणात वहिनींना पुन्हा तसाच त्रास झाला. रात्रीचे दोन. पुतण्या त्या वेळीही परगावी. सूनबाईंनी काठीने ओढा पाहिला, कळ घातली, आणि पाऊण तासात वहिनी वाईच्या दवाखान्यात पोहोचल्या. दुसऱ्या दिवशी मी भेटावयास गेलो तेव्हा वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, या वेळी खुर्ची लागली नाही.” एवढेच त्या बोलल्या.

यंदाच्या दसऱ्याला आपणांपैकी जे कोणी अशी गाडी घेणार असतील, त्यांनी विक्रेत्याकडे जाण्यापूर्वी घरातच, देवापुढे बसून, चार प्रश्न एकमेकांस विचारावेत. आपली वाट कशी आहे? रोजचे अंतर किती? दुरुस्ती कोठे होईल? आणि अडचणीच्या रात्री चाकावर कोणाचे हात असतील? या चारांची उत्तरे मिळाली की इंजिन आणि गिअर कोणता, हे बहुतांशी ठरून जाते. मग आपट्याचे पान गाडीच्या पुढ्यात ठेवून, निश्चिंत मनाने सीमोल्लंघन करावे.