अख्ख्या लॅबला एकाच सर्व्हरवरून ओएस

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नियमित सपोर्ट संपला. साताऱ्यापासून सांगलीच्या विश्रामबागेपर्यंत, ज्यांच्याकडे कॉलेजची लॅब आहे त्यांनी हे वाचाच. नवी ओएस टाकायला पेनड्राइव्ह घेऊन एकेका पीसीपुढे बसायची गरज नाही!

माझा कौल 'फॉग' या सॉफ्टवेअरला. मोफत, ओपन सोर्स, आणि विंडोज-लिनक्स दोन्हींच्या इमेज (तयार डिस्कच्या प्रती) उतरवतं. सर्व्हरसाठी बऱ्यापैकी जुना पीसी, त्यावर डेबियन, एक एसएसडी आणि गिगाबिट पोर्ट एवढं पुरतं. पीसी नेटवर्कवरून बूट केला की तो डीएचसीपीकडून पत्ता घेतो, सर्व्हरवरून छोटी बूट फाइल उचलतो आणि इमेज थेट डिस्कवर लिहिली जाते.

खरी ताकद मल्टिकास्टमध्ये आहे. २० जीबीची इमेज ३० पीसींना वेगवेगळी पाठवली तर ६०० जीबी होतात. गिगाबिट लाइन पूर्ण भरून वाहिली तरी एक तास वीस मिनिटं. मल्टिकास्टमध्ये तीच इमेज एकदाच जाते आणि सगळे एकदम उचलतात. फक्त वेग सर्वांत सुस्त डिस्क ठरवते. स्विचवर आयजीएमपी स्नूपिंग चालू ठेवा, नाहीतर ऑफिसचं नेटही तुंबेल.

पीसींना फॉग सर्व्हरकडे वळवण्यासाठी राउटरचं डीएचसीपी बदलता येत नसेल तर 'डीएनएसमास्क' प्रॉक्सी म्हणून लावा. विंडोजची इमेज घेण्याआधी सिसप्रेप कराच. सर्व्हर आणि स्विच यूपीएसवर घ्या, आणि आधी एकाच पीसीवर उतरवून बघा.