शाईचा दोष नव्हे!

यंदाच्या वार्षिकाचे मुखपृष्ठ आपण पाहिले असेलच. काळ्याभोर आकाशापुढचा तो वड मी लिनोवर कोरला आणि महाविद्यालयातल्या जुन्या ट्रेडलवर छापला. त्याचे कौतुकही झाले. पण त्यापायी वाया गेलेल्या ६० कागदांची हकीकत फारशी कोणाला ठाऊक नाही. ती सांगितली तर पुढल्या वर्षी हे काम करणाऱ्याचे कागद वाचतील, म्हणून हा लेखनप्रपंच.

वर्गणी काढून आम्ही हातकागदाचे २५० ताव आणले होते. प्रती हव्या होत्या १८०. साधले नाही तर मुखपृष्ठ बाहेर ऑफसेटवर द्यायचे, असे सरांनी आधीच बजावले होते. पहिला ताव निघाला आणि माझा चेहरा उतरला. आकाशभर मीठ शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके, आणि वडाच्या उजवीकडे तर एक फिकट पट्टाच! मी शाई वाढवली. ठिपके थोडे बुजले. पण त्यांच्याबरोबर पारंब्यांच्या बारीक रेघाही बुजल्या. पट्टा जागच्या जागी. पुन्हा शाई वाढवली. असे करता करता ६० ताव गेले.

शेवटी छापखान्यात आयुष्य घालवलेल्या एका काकांना बोलावून आणले. त्यांनी ताव तिरपा धरून उजेडात पाहिला आणि म्हणाले, "पोरी, आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी! शाईला कशाला बोल लावतेस? डाग कुठे पडतात ते आधी बघ."

मग त्यांनी मला परीक्षा करायला लावली. सहा ताव घेतले, पेन्सिलीने एका कोपऱ्यावर खूण केली, तीन सुलटे आणि तीन उलटे फिरवून छापले. नियम साधा आहे. डाग प्रत्येक तावावर चित्राच्या त्याच जागी पडला, तर खोट ठशात किंवा त्यामागच्या पॅकिंगमध्ये. डाग दर तावाला जागा बदलू लागला, तर खोट कागदात. आणि छपाई हळूहळू फिकी होत जाऊन शाई दिल्यावर पुन्हा सुधारली, तरच शाईकडे किंवा रुळांकडे वळावे. माझा पट्टा होता त्याच जागी राहिला. ठिपके मात्र फिरले. म्हणजे दुखणी दोन होती आणि मी तिसऱ्याच दुखण्याचे औषध देत होते!

पट्ट्याचे कारण लगेच सापडले. ठसा लाकडासकट खिळ्याच्या उंचीचा, म्हणजे ०.९१८ इंच हवा. माझा उजवीकडे किंचित बसका होता. तिथे ठशाखाली पातळ कागदाचे दोन तुकडे चिकटवले आणि पट्टा गेला.

ठिपक्यांचे कारण कागदाच्या घडणीत होते. आर्ट पेपरवर पांढऱ्या मातीचा गुळगुळीत लेप असतो, त्यामुळे शाई वरच्यावर एकसारखी बसते. हातकागदाला असा लेप नसतो. त्याचे तंतू उघडे असतात, म्हणजे पृष्ठभागावर बारीक बारीक डोंगर-दऱ्याच. ठसा डोंगरांना टेकतो, दऱ्या कोऱ्या राहतात. त्यातून खळ सगळीकडे सारखी नसली, तर कागद कुठे जास्त शाई पितो, कुठे कमी. शाई वाढवल्याने दऱ्या भरत नाहीत; ती कडांना ओघळते आणि रेघा बुजवते.

उपाय काकांनीच सांगितले. ताव आदल्या रात्री ओलसर टिपकागदांत रचून, वर प्लॅस्टिक आणि वजन ठेवून मुरवावेत. पाणी दिसता कामा नये. हाताला नुसता गारवा लागावा. असा कागद मऊ पडतो आणि दाबाखाली दऱ्या ठशापर्यंत येतात. कठीण पॅकिंगऐवजी थोडे मऊ पॅकिंग घालावे. शाईचा एक जाड थर देण्यापेक्षा, तोच ताव न हलवता पातळ शाईचे दोन ठसे द्यावेत. कोरा लिनो शाई नीट धरत नसेल, तर बारीक पॉलिशपेपर हलकेच फिरवावा. मात्र ओला कागद वाढतो, वाळला की आखडतो. दोन रंगांचे काम असेल, तर दोन्ही वेळी ओल सारखीच हवी.

परीक्षेनंतर माझ्याकडे उरले होते १८४ ताव. म्हणजे चुकायला फक्त चार! तीन दिवस छातीत धडधड घेऊन छपाई केली. चारही बिघडले, पण १८० प्रती पुऱ्या झाल्या. त्यांतल्या काहींवर अजून एखादा पांढरा ठिपका दिसेल. तो हातकागदाचा स्वभाव आहे, त्याला मी आता दोष म्हणत नाही.

उरलेल्या त्या ६० कागदांच्या पाठकोऱ्या बाजू मी जपून ठेवल्या आहेत. पुढल्या वर्षी ज्याला हे काम करायचे असेल, त्याने त्यावर खुशाल सराव करावा. एकच विनंती: शाईच्या डब्याला हात घालण्याआधी डाग कुठे पडतो ते पाहावे.