खापरच्या पुढे कायदा बदलतो : सुट्टी, दारू आणि स्टिअरिंग

मागच्या एपिसोडनंतर सगळ्यात जास्त व्हॉइस नोट आल्या त्या एकाच प्रश्नाच्या. 'फॉरेनला फिरायला गेल्यावर पिऊन गाडी चालवली तर काय होतं?' उत्तर देतो, पण आधी आपल्या घराजवळचं फॉरेन बघू. मी अक्कलकुव्याचा. आमच्याकडे खापर ओलांडून अंकलेश्वर रस्त्याने थोडं पुढे गेलं की सागबारा, म्हणजे गुजरात. पासपोर्ट लागत नाही, व्हिसा लागत नाही, पण दारूचा कायदा पार वेगळा.

गंमत म्हणजे दोन्हीकडे मूळ कायदा एकच, 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा. 1 मे 1960 ला राज्यं वेगळी झाली. महाराष्ट्रात परवाने देऊन दारू चालते, गुजरातने बंदी कायम ठेवली. म्हणून तिकडे प्रश्न फक्त 'पिऊन चालवली का' एवढाच नसतो. डिकीत बाटली असणं हाच गुन्हा. रस्त्यावर नशेत सापडणं हा त्याच कायद्याच्या कलम 85 खाली वेगळा गुन्हा. तुम्ही स्टिअरिंगवर नसून मागच्या सीटवर असलात तरी. 2017 च्या दुरुस्तीनंतर दारू आणण्या-नेण्याची शिक्षा 10 वर्षांपर्यंत जाऊ शकते, गाडीही जप्त होऊ शकते. स्टॅच्यू ऑफ युनिटी बघायला एमएच 39 ची गाडी घेऊन निघालेल्या ग्रुपने नाक्यावर 'साहेब, हे आमच्याकडे लीगल आहे' म्हणून काही उपयोग नाही. बाहेरच्या पर्यटकांना थोड्या दिवसांचं परमिट मिळतं, पण ते अधिकृत दुकानातून घेऊन पिण्यापुरतं. गाडी चालवायला नाही.

दमणवाल्यांचं तर अजून अवघड. दमणमध्ये दारू चालते, पण दमणहून अक्कलकुव्याला यायचं तर मध्ये गुजरात येणारच. 'स्वस्त मिळते म्हणून दोन बाटल्या घेतल्या' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय!

आता पिऊन चालवण्याकडे येऊ. हा मोटार वाहन कायदा, तो देशभर सारखा, गोव्यातही तोच. 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं की कलम 185. सप्टेंबर 2019 पासून पहिल्या वेळी 10,000 रुपये दंड किंवा 6 महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पोलिसांचं मशीन रक्त बघत नाही, श्वास बघतं. फुंकर आत गेली की सेन्सरवर अल्कोहोलची रासायनिक क्रिया होऊन बारीकसा करंट तयार होतो. जितकं अल्कोहोल, तितका करंट. त्यावरून रक्तातला आकडा काढतात. वेलची, पान, माउथवॉश यांनी वास दबेल, फुफ्फुसातून येणारं अल्कोहोल कसं दबणार?

खरी गडबड सकाळी होते. शरीर तासाला साधारण 15 मिलिग्रॅम या वेगाने ते कमी करतं. माणसागणिक थोडं इकडेतिकडे, पण लिंबूपाणी, आंघोळ, कडक कॉफी यांनी वेग वाढत नाही. समजा 70 किलोच्या एकाने रात्री 9 ते 1 मध्ये 60 मिलीचे चार पेग घेतले. 1 वाजता आकडा साधारण 110. पाच तास झोपून 6 वाजता निघाला. पाच गुणिले पंधरा, पंच्याहत्तर. उरले 35! डोकं ठणठणीत, तोंड धुतलेलं, आणि तरी केस.

खरंखुरं परदेश? इंग्लंडमध्ये मर्यादा 80, स्कॉटलंडमध्ये 2014 पासून 50, थायलंडमध्ये सर्वसाधारण 50. दुबईत शून्य. जपानमध्ये तर ड्रायव्हर प्यायलाय हे माहीत असून शेजारी बसणाराही अडकतो. आपला 30 चा आकडा सगळीकडे लावू नका, आणि 80 आहे म्हणून इंग्लंडमध्ये हिशेब करत पिऊही नका.

आपल्या वयाच्या लोकांनी अजून एक लक्षात ठेवा. दंड भरला आणि सुटलो, एवढ्यावर हे थांबत नाही. लायसन्स निलंबित होऊ शकतं. पिऊन चालवताना अपघात झाला तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम कंपनी नाकारते, पॉलिसीत तसं लिहिलेलंच असतं. आणि कोर्टात फौजदारी केस चालू असेल तर पासपोर्टच्या पोलीस पडताळणीत ती वर येते. ऑनसाइटची वाट बघणाऱ्या आमच्या आयटीवाल्यांसाठी हे दहा हजारांपेक्षा महाग.

मग ट्रिपला काय करायचं? न पिणारा एक जण आधीच ठरवा, निघताना नाही. तो मिळत नसेल तर गाडी दुसऱ्या दिवशी दुपारी काढा.